अंगठ्याच्या जागी

४ जून

भिंगरी,

वर काय लिहू, असं सलूनवाला विचारतोय. ‘चिरंजीव’ लिहू, ‘प्रिय’ लिहू, की ‘अनेक आशीर्वाद’ लिहू? मी म्हटलं, नुसतं नाव लिही आणि कामाला लाग. आशीर्वादाचं शेवटी बघू, कागदावर जागा उरली तर.

अक्षर माझं नाही हे तुला सांगायला नको. मला लिहिता-वाचता आलं असतं तर तुझं काम इतकं सोपं झालं नसतं. हे आपल्या घरासमोरच्या सलूनवाल्याचं. दुपारी गर्दी नसते तेव्हा तो मला त्याच्या फिरत्या खुर्चीत बसवतो, पाय स्टुलावर ठेवायला लावतो आणि मी बोलेन ते लिहितो. लिहून झालं की मी ते दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घेते. आज एक बसचा कंडक्टर गालाला साबण लावून बसलाय, तो वाचणार आहे. सलूनवाल्याला ते लागलं. “मावशी, एवढाही विश्वास नाही?” म्हणाला. म्हटलं, “बाबा रे, होता नव्हता तो सगळा नातीवर ठेवला होता. तुझ्यापुरता उरला नाही.”

काल दवाखान्यात पट्टी सोडली.

तू परवा गेलीस. सुट्टी संपली, ड्यूटी आहे, म्हणालीस. मीच म्हटलं, जा, तिकडचे पेशंट वाट बघत असतील. दारापर्यंत जाऊन तू परत आलीस आणि माझी चादर नीट केलीस. चादर नीटच होती. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तू गेल्यावर माझ्या उजव्या पायाचा अंगठा खाजायला लागला. पट्टीच्या आत, अगदी नखाच्या मुळाशी. मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, इतके दिवस सुई टोचली तरी दाद देत नव्हतास, आणि आता बरा होताना नखरे सुचतायत! शेजारच्या खाटेवरची बाई आधी माझ्याकडे बघत होती, मग भिंतीकडे बघायला लागली. तिलाही माहीत होतं.

पट्टी बदलणारी सिस्टर आली. कापसाचे थर काढत गेली. मी मान उंच करून बघत होते. शेवटचा थर निघाला आणि खाली चार बोटं होती. पाचव्याच्या जागी टाके. मी वेताच्या खुर्चीच्या काठाला घालते तसेच, फक्त हात माझ्याइतका चांगला नव्हता. आणि गंमत बघ, तेव्हाही तो खाजतच होता.

म्हणजे तूही खोटं बोललीस आणि अंगठाही.

“बोट राहील ना गं?” असं मी तुला विचारलं होतं. शब्द न् शब्द आठवतोय. तू माझा हात धरून म्हणालीस, “राहील गं आजी. आतून धुऊन घेणार आहेत, एवढंच.” आणि मग तोच हात धरून कागदावर अंगठा उठवून घेतलास. कागदात काय आहे विचारलं, तर म्हणालीस, “तेच, धुण्याचं.” शाईचा डाग अजून गेला नाहीये.

सलूनवाला लिहायचा थांबलाय. लिही रे, पाय तुझा नाही.

कागदावर जागा बरीच उरली आहे. आशीर्वाद नाही.

आजी


१९ जून

भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. सलूनवाल्याने वाचलं, मग खात्रीसाठी शाळेच्या शिपायाने वाचलं. दोघांच्या वाचण्यात फरक एवढाच, की सलूनवाला मध्ये मध्ये नाक ओढत होता.

तू विचारलंयस की मागच्या पत्रात शेवटी काळा डाग कसला. सलूनवाल्याने आपल्या मनाने ‘तुझी लाडकी आजी’ असं लिहिलं होतं. कंडक्टरने वाचताना ते उघडकीला आलं. ‘तुझी’ आणि ‘लाडकी’ दोन्ही खोडायला लावलं. त्याला म्हटलं, माझ्या तोंडी माझे शब्द राहू देत, गोड करायचं असेल तर चहात साखर घाल. आणि तीही नको, मला चालत नाही.

तू लिहितेस, तुझा पाय वाचवायचा होता आजी. हाडात जंतू शिरले होते, बोटातून वर चढले असते तर पाय गेला असता, पायावर थांबले नसते तर तू गेली असतीस. मला कळतं ते. मी अडाणी आहे, बावळट नाही. हे सगळं तूच मला शिकवलंस की. आधी सगळं खरं सांगत होतीस, म्हणून तर शेवटचं खोटं इतकं सहज गिळलं मी.

आठव. वेताचं कुसळ अंगठ्यात गेलं तेव्हा मला कळलंच नाही. साखरेने पायाची जाण गेलेली. फरशीवर रक्ताचे ठिपके बघून मी आधी मांजराला शिव्या घातल्या. जखम भरली. मग उघडली, पाझरली, पुन्हा बंद झाली, पुन्हा उघडली. एखाद्या नडलेल्या दुकानासारखं चाललं होतं तिचं. अंगठा मुळ्यासारखा जाड झाला, लाल आणि चकचकीत. संध्याकाळी अंगात कणकण यायची, जेवण नकोसं व्हायचं. मी म्हणायची, वय झालं. वास यायला लागला तेव्हा सलूनवाल्याकडून पावडर आणून मोज्यात घालायला लागले. वेत विणणारीच्या पायाला एकदम गुलाबाचा वास! तू सुट्टीवर आलीस, उंबऱ्यात नाक वर केलंस आणि बॅग खाली ठेवायच्या आधी म्हणालीस, “आजी, मोजा काढ.”

मी लपवलं होतं, खरंय. पण माझाच पाय मी माझ्यापाशी लपवला. तू माझा पाय माझ्यापासून लपवलास. 

मग तू मला बसवून समजावलंस. वर कातडी मिटली तरी आत हाडाला लागलेलं असू शकतं. दुखत नाही म्हणजे बरं आहे असं नाही, तुझ्या पायाला दुखणं कळतच नाही. डॉक्टरने जखमेत बारीक सळई घातली. मला काही कळलं नाही, पण तुझा चेहरा बघून समजलं की आत काहीतरी टणक लागलं. पहिला फोटो चांगला आला, मी खूश. तू म्हणालीस, हाडाचं फोटोत लवकर दिसत नाही आजी, थांब. दुसऱ्या फोटोत हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसली, तीही तू मला दाखवलीस. इथपर्यंत तू माझी होतीस.

मी धमक्या दिल्या, तेही खरं. अंगठ्याला हात लावाल तर वेत भिजवायची बादली डोक्यात घालीन, दवाखान्यातून उठून चालती होईन, असं म्हणाले. मोतीबिंदूच्या वेळी खरंच उठून गेले होते. पण नंतर डोळा करून घेतलाच ना? माझी रीत तुला माहीत नाही का? आधी मी नाही म्हणते. मग घरी येऊन सगळ्यांना शिव्या देते. मग स्वतःच पिशवी भरते. या वेळीही पाय मीच पुढे केला असता गं. तो पुढे करायचा हक्क माझा होता. पाय वाचवलास त्याबद्दल भांडण नाही. माझ्या तोंडचं ‘हो’ तू चोरलंस, त्याबद्दल आहे.

आजी


११ जुलै

भिंगरी,

भेटायला येते म्हणतेस. येऊ नकोस.

तुझा बाप येऊन गेला. त्याला समोर बसवलं आणि विचारलं, “तुला माहीत होतं?” तो पंख्याकडे बघायला लागला. लहानपणी बरणी फोडली की असाच छताकडे बघायचा. म्हणाला, “आई, तीच म्हणाली, आजीला सांगू नका, उठून जाईल.” म्हणजे तुला माहीत, तुझ्या बापाला माहीत, तुझ्या आईला माहीत. डॉक्टरला, सिस्टरला, फरशी पुसणाऱ्या बाईलासुद्धा. शेजारच्या खाटेवरची, जिचं साधं नावही मला माहीत नाही, तिला माहीत. सगळ्यांनी मिळून मला संत्री सोलून दिली. मी मिटक्या मारत खाल्ली.

काम काय चाललंय म्हणून विचारलंयस. सांगते. दाताच्या डॉक्टरच्या खुर्च्या तुला आठवतात? दवाखान्याबाहेर बसायच्या, वेताच्या. बाकीच्या तू आलीस त्याआधी विणून झाल्या होत्या. शेवटची एक अर्धी आहे. ती खिडकीखाली आहे आणि तिची अर्धी राहिलेली जाळी पोकळ तोंडाने माझ्याकडे बघत असते.

तू लहान असताना माझ्यासमोर पालथी पडून बघायचीस, म्हणून तुला माहीत आहे. चौकट समोर आडवी. भिजवलेला वेत भोकातून वर काढायचा, ओढायचा, आणि उजव्या पायाचा अंगठा नि शेजारचं बोट यांच्यात दाबून धरायचा. मग दोन्ही हात पुढच्या फेऱ्याला मोकळे. तो ताण सुटला की संपलं, बसणाऱ्याचं बूड महिनाभरात जमिनीला. तू म्हणायचीस, आजीला तीन हात आहेत. त्यातला एक तू दवाखान्यात देऊन आलीस.

डावा पाय लावून बघितला. डावा अंगठा जन्मभर नुसता बसून खाल्लेला, ऐदी. वेत धरतो आणि सोडतो, जसा काही पाहुणा आलाय. मग तुझ्या बापाने बाजारातून लोखंडी चिमटा आणला. त्याने वेत धरला, पण चिरडून. लोखंडाला वेत कुठे ओला आहे, कुठे वाळलाय, काय कळणार?

दाताचा डॉक्टर स्वतः बघायला आला. भला माणूस आहे. “सावकाश करा आजी, तोवर एक पेशंट उभा राहील,” म्हणाला. म्हटलं, “तुमच्याकडे येणारा माणूस तसाही बसत नाही डॉक्टर, नुसता टेकतो.” तो हसला. तो गेल्यावर मी खुर्चीचं तोंड भिंतीकडे केलं.

खाजणं अजून थांबलेलं नाही.

आजी


२४ ऑगस्ट

भिंगरी,

पाय ठीक आहे. जखम भरली. काळजी करू नकोस.

सलूनवाल्याने त्याचा हातातला आरसा मला दिलाय, मान कशी कापली ते गिऱ्हाइकाला मागून दाखवतो ना, तो. रोज सकाळी तो जमिनीवर ठेवून मी तळवा बघते. तू सांगितलं होतंस तसं. या वयात आरशात बघायला लागले, तेही पाय.

एक काम आहे. सलूनवाल्याची एक मावसबहीण आहे. वय झालेलं, साखर आहे, पायाला जाण नाही. तिच्या पायाचं एक बोट पूर्वी काढलंय. तर तिने कशाकशावर लक्ष ठेवायचं, ते जरा सविस्तर लिहून पाठव. पुन्हा हाडाला लागलंय हे तिला घरच्या घरी कसं समजावं? आणि लागलंच असेल, तर काय काय करतात, तेही. सगळं लिही. तिला लपवाछपवी आवडत नाही, असं ऐकलंय.

आज मी रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण आज विषय तो नाही.

आजी


५ सप्टेंबर

भिंगरी,

तुझं पत्र लगेच आलं. चांगलं सविस्तर लिहिलंयस. आज टपऱ्यांना रंग देणारा एक माणूस केस कापायला आला होता, त्याच्याकडून दुसऱ्यांदा वाचून घेतलं. तो म्हणाला, मीसुद्धा घरी जाऊन पाय बघतो.

मावसबहिणीला मी सगळं समजावलं. जुन्या टाक्यांची जागा पुन्हा उघडते का बघ. पाझरतं का, पू येतो का, वास येतो का. भोवती लाल आहे का, सुजलंय का. पायाला गरम कळत नाही, तर हाताची मागची बाजू आधी या पायावर ठेव, मग त्या पायावर, आणि फरक बघ. खाणं तेच असताना साखर उगाच चढायला लागली तर समज की आत काहीतरी धुमसतंय. थंडी वाजून ताप आला तर धाव. पण म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही, नुसतं गळून गेल्यासारखं होईल, त्याला वय म्हणून सोडून देऊ नको. हे शेवटचं तू दोनदा लिहिलंयस. का, ते तिला कळलं.

उपायही सांगितले. पुन्हा रक्त, पुन्हा फोटो, गरज पडली तर हाडाचा तुकडा काढून तपासायचा. शिरेतून औषध, आठवडेच्या आठवडे. आणि मेलेलं हाड असेल तर ते काढावंच लागतं, नुसत्या औषधाने भागत नाही.

ऐकून ती मोजा चढवायला लागली. हट्टी बाई आहे.

तू लिहिलंयस, तिला आजच्या आज दवाखान्यात न्या, थांबू नका. बरोबर आहे. पण तिला घरच्यांनी खरं सांगावं, असं कुठे लिहिलंयस का? मी दोघांकडून वाचून घेतलं. कुठेच नाही.

आजी


३ ऑक्टोबर

भिंगरी,

सलूनवाल्याला मावसबहीण नाही. तुला एव्हाना कळलं असेलच, किंवा नसेलही. तू हुशार आहेस, पण मला हुशार समजत नाहीस.

हे पत्र दवाखान्यातून आहे. सलूनवाला दुकान बंद करून आलाय आणि खाटेच्या कडेला बसून लिहितोय. हाताला नळी आहे, त्यातून औषध जातंय, अजून बरेच दिवस जाईल. पाय उशीवर आहे. चारही बोटं आहेत, मी स्वतः बघितली.

‘जखम भरली’ असं मी ऑगस्टमध्ये लिहिलं, ते खोटं होतं. टाक्यांच्या टोकाला हरभऱ्याएवढं तोंड उघडलं होतं. आरशात दिसलं. हाताची मागची बाजू ठेवून बघितली, उजवा पाय तापलेल्या तव्याच्या कडेसारखा आणि डावा फरशीसारखा थंड. सलूनवाल्याने यंत्रावर साखर बघितली, आणि आकडा वाचून यंत्र पुसून पुन्हा बघितली. ताप नव्हता. पण खिडकीपर्यंत जायचं तर मध्ये बसावं लागत होतं. वय झालं, असं तोंडात आलं होतं. गिळलं. तुझं पत्र येताच मी पिशवी भरली.

हाडांचा डॉक्टर तोच. तपासण्या झाल्या. मला बघून हसला आणि म्हणाला, “तुमच्या नातीचा नंबर द्या आजी, तिच्याशी बोलतो.” मी म्हटलं, “पाय नातीचा नाही. स्टूल ओढ आणि माझ्याशी बोल.” आधी त्याने सिस्टरकडे बघितलं. मग बसला. फोटो उजेडात धरला. अंगठ्यामागचं हाड, पुढचं टोक खाल्लेलं. तेवढं काढावं लागेल, म्हणाला. मी विचारलं, “काढलं नाही तर?” त्याने सांगितलं. “काढल्यावर उभी राहीन?” म्हणाला, “राहाल, पण आधीसारखी नाही. आतून जाड केलेली चप्पल लागेल, आणि ते पुन्हा होणारच नाही असं मी म्हणू शकत नाही.” बघ, एवढं वाईट बोलला, तरी मी उठून पळाले नाही.

मी नाही म्हटलं.

घरी आले. सलूनवाल्याला, डॉक्टरला, तुझ्या बापाला, वेताच्या झाडाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. मग परत आले आणि सांगितलं, काढ. कागद पुढे आला तो मी आधी सलूनवाल्याकडून वाचून घेतला, मग शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून. ही वेगळी आहे, वाचता येतं हिला. मग अंगठा दिला. कुणी हात धरला नाही. 

तुला जूनमध्ये सांगितलं होतं, माझी रीत ही अशी आहे. पटलं आता?

परवा हाडाचं ते टोक काढलं. तर तुझ्या बापाला माहीत होतं. तुझ्या आईला माहीत होतं. सलूनवाल्याला, दाताच्या डॉक्टरला, वाचणाऱ्या शेजारणीला, सगळ्यांना माहीत होतं. फक्त तुला नाही. सगळ्यांना मी बजावलं होतं, भिंगरीला सांगू नका, धावत येईल. तुझ्या भल्यासाठीच केलं मी. उगाच तिकडे जिवाला घोर कशाला? सगळं नीट झाल्यावर सांगू, म्हटलं.

कसं वाटतंय?

तसंच मला वाटलं होतं. आता आपल्या दोघींना सारखंच माहीत आहे, तेव्हा पुढचं बोलता येईल.

माफ केलं असं समजू नकोस. ते माझ्या हातात असतं तर केलंही असतं. सकाळी उठून केलं असं वाटतं आणि दुपारी पाय खाजायला लागतो. पण खिडकीखाली ती खुर्ची अर्धी पडली आहे. समोर बसून कुणीतरी वेत धरायला हवा. तुझ्या बापाला बसवून बघितलं, त्याला सारखा फोन येतो आणि फोन आला की तो हात सोडतो. तुझी सुट्टी कधी आहे ते कळव. इथून सुटले की आपण बसू. तू माझ्या अंगठ्याच्या जागी बसायचं. बोलायचं नाही, रडायचं नाही, ओला वेत हातातून निसटतो. मी ओढीन, तू धरायचं. ढिला पडला तर मला लगेच कळेल.

आजी

ता. क. शेजारणीने आता पत्र वाचून दाखवलं. सलूनवाल्याने शेवटी पुन्हा ‘तुझी लाडकी आजी’ घुसडलंय. पकडल्यावर मान खाली घालून विचारतोय, मावशी, खोडू का?

‘लाडकी’ खोड म्हटलं. ‘तुझी’ असू दे.